ग्वाल्हेरची काळी बाटली

कार्बाइड हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आईच्या तोंडून. बाजारात आंब्याच्या टोपलीवर वाकून तिने एक आंबा हुंगला, परत ठेवला आणि म्हणाली, "चल, हे कार्बाइडाचे." तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. त्यानंतर रसायनशास्त्राशी माझा संबंध जवळजवळ सुटलाच. दहावीला विज्ञानात जेमतेम पास झालो, पुढे मराठी घेऊन बीए केले आणि सरकारी खात्यात कारकून म्हणून चिकटलो. त्याला आता वीस-बावीस वर्षे झाली. अशा माणसाने कार्बाइडवर लिहावे म्हणजे गंमतच आहे. पण गेल्या डिसेंबरात ग्वाल्हेरला जाऊन जे पाहिले, ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

झाले असे की ताईचा फोन आला. माझी ताई लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली त्याला तीस वर्षे झाली, पण माझ्याशी बोलताना अजून कोंकणीच. "रे, तूं एकदां येवन वच. ताका कितें तरी सांग." 'ताका' म्हणजे माझा भाचा. तिथेच रसायनशास्त्रात पीएच.डी. करतो. पाचवे वर्ष चालू. फेलोशिप मार्चमध्ये संपणार, प्रबंध अजून अर्धा. आणि इकडे सरकारी भरतीची जाहिरात आलेली. भावोजींचे म्हणणे, पोराने संशोधन बाजूला ठेवावे आणि परीक्षेच्या अभ्यासाला लागावे. पोरगा ऐकत नाही. बापलेकांचे बोलणे बंद. घरात सुखाने नोकरी करणारा, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा नमुना म्हणून मला बोलावणे होते. "मामाकडे बघ," हे वाक्य म्हणे त्या घरात दिवसातून दोनदा म्हटले जाते. माझ्याकडे बघून कुणी काही शिकावे असे मला स्वतःला कधी वाटलेले नाही. पण ताईचा शब्द मोडवत नाही.

गोवा एक्स्प्रेस बरी पडते. वास्कोहून निघते, दूधसागर ओलांडते, पुढे बेळगाव, पुणे, मनमाड, भोपाळ, झांशी करीत ग्वाल्हेरला उभी राहते. दीड दिवसाचा प्रवास. बरोबर कोकमे घेतली, आणि नाताळ जवळ आलेला म्हणून एक बिबिंक घेतले. ताईला बिबिंक भारी आवडते. आमच्या शेजारच्या बाईंकडून नाताळात घरी यायचे, ती आठवण.

ग्वाल्हेर आपल्या मराठी माणसाला परके नाही. दौलतराव शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे तळ दिला, त्या तळाचेच पुढे शहर झाले आणि नाव राहिले 'लष्कर'. कवी भास्कर रामचंद्र तांबे इथेच राहिले, 1941 साली इथेच वारले. आपल्याकडे ज्याला आपण ग्वाल्हेर गायकी म्हणतो, ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथून शिकून खाली घेऊन आले. ताईचे सासर लष्करातले. जुना वाडा, मधे चौक, आणि बोलणे असे की शब्द मराठी, पण चाल हिंदीची. पहिले दोन दिवस मला वाटायचे की हे आपल्यावर रागावले आहेत. मग कळले, ती इथली नम्रता आहे.

पहिल्या रात्री जेवण झाल्यावर ताईने बिबिंक कापले. भावोजी आपला तुकडा घेऊन आत गेले. भाचा आणि मी उरलो. मी आपला विषय कसा काढावा याचा विचार करतोय, तेवढ्यात तो म्हणाला, "मामा, तुम्हाला माझे काम समजून घ्यायचे आहे की मला समजवायचे आहे?"

मी म्हटले, "आधी पहिले. मग दुसरे."

त्याने सुरीने बिबिंकाचे थर अलगद सोडवायला सुरुवात केली. "हे बघा. हे कसे केले? एक थर ओतला, भाजला, त्यावर दुसरा. आम्ही उलटे करतो. आधी पूर्ण बिबिंक घेतो, आणि त्यातला एक-आड-एक थर नाहीसा करतो."

मला जे समजले ते असे. धातू आणि कार्बन यांच्या संयुगाला कार्बाइड म्हणतात, धातू आणि नायट्रोजनच्या संयुगाला नायट्राइड. आईचे आंब्याचे कार्बाइड कॅल्शियमचे. भाच्याचे कार्बाइड टायटॅनियमचे. त्यात अणू थराथरांनी बसलेले असतात, पण दोन थरांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा एक थर घट्ट चिकटलेला. या कुळातल्या पदार्थांना मॅक्स म्हणतात: एम म्हणजे धातू, ए म्हणजे ॲल्युमिनियमसारखे मधले मूलद्रव्य, एक्स म्हणजे कार्बन किंवा नायट्रोजन. हे कूळ व्हिएन्नातल्या संशोधकांना 1960च्या दशकातच सापडले होते.

2011 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातील ड्रेक्सेल विद्यापीठात मायकेल नागिब नावाचा पीएच.डी.चा विद्यार्थी आणि त्याचे दोन मार्गदर्शक, युरी गोगोत्सी आणि मिशेल बारसूम, यांनी ही मॅक्सची पूड हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकली. 50 टक्के तीव्रतेचे आम्ल, साधे खोलीचे तापमान, दोन तास. आम्लाने ॲल्युमिनियम तेवढे खाल्ले आणि कार्बाइडचे थर तसेच राहिले, पत्त्यांच्या कॅटासारखे सुटे. सूक्ष्मदर्शकातून ते पेटीच्या भात्यासारखे दिसतात. भाच्याने मोबाइलवर चित्र दाखवले. खरोखर पेटीचा भाता! मॅक्समधला 'ए' गेला, आणि ग्राफीनच्या नावातला 'ईन' शेवटी जोडला. नाव पडले मॅक्सीन.

ग्राफीन तर आपण ऐकलेले असते. पेन्सिलीतल्या शिशाचा, म्हणजे ग्राफाइटचा, अणूएवढा पातळ थर. 2004 साली मँचेस्टरमध्ये चिकटपट्टी लावून लावून तो वेगळा केला आणि 2010 साली त्याला नोबेल मिळाले. पण ग्राफाइटचे थर एकमेकांना सैल धरून असतात, म्हणूनच पेन्सिल कागदावर उमटते. मॅक्सचे थर असे ओढून निघत नाहीत. मधला चिकटवणारा आधी काढावा लागतो. मॅक्सीनचा एक पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर जाड. आपला केस त्याच्या कितीतरी हजार पट जाड असतो.

"आणि एवढे करून उपयोग काय?" मी विचारले. कारकुनाचा पहिला प्रश्न हाच असतो.

तो हसला. "मामा, बाबाही हेच विचारतात." पण सांगितले. हा पदार्थ धातूसारखी वीज वाहतो आणि तरी पाण्यात शाईसारखा मिसळतो. दोन्ही गुण एकत्र असे सहसा मिळत नाहीत. ती शाई ब्रशने लावा, फवारा, छापा, वाळली की विजेचा रस्ता तयार. 2014 साली त्याच ड्रेक्सेलमध्ये लिथियम फ्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून नवी कृती निघाली. तिने जे तयार झाले ते ओल्या मातीसारखे, लाटण्याने लाटता येईल असे, आणि त्यात विजेचा साठा दर घन सेंटिमीटरला 900 फॅरड इतका. 2016 साली कोरियातल्या आणि ड्रेक्सेलच्या लोकांनी मिळून दाखवले की याचा 45 मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाहूनही पातळ पडदा, 92 डेसिबलपर्यंत विद्युतचुंबकीय लहरी अडवतो. मोबाइल, रडार, यंत्रे यांचा एकमेकांना होणारा उपद्रव थांबवायला ते कामी येईल. नायट्राइडचे मॅक्सीन जास्त हट्टी. ते आम्लातच विरघळून जाऊ पाहते. ते 2016 साली वितळलेल्या क्षारांत, 550 अंशांना तापवून, प्रथम साधले. बाजारात दुकानात जाऊन मॅक्सीनचे काही विकत घ्यावे असे दिवस अजून आलेले नाहीत. हेही त्यानेच प्रामाणिकपणे सांगितले.

दुसऱ्या दिवशी तो मला आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढची गोष्ट त्या एका संस्थेची नाही. ग्वाल्हेरात रसायनाची परंपरा मात्र जुनी आहे. स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, 1947 साली, जिवाजीराव शिंद्यांनी इथे औद्योगिक संशोधनाची प्रयोगशाळा सुरू केली. तीच पुढे संरक्षण खात्याकडे गेली आणि आज डी.आर.डी.ई. म्हणून ओळखली जाते. 1964 साली त्यांच्याच नावाचे विद्यापीठ झाले. राजाला तोफा आणि घोड्यांपलीकडचे काही सुचले होते, याचे बरे वाटते.

आम्लाच्या खोलीत मला जाऊ दिले नाही. काचेच्या दारातून पाहिले. भाच्याने दोन थरांचे हातमोजे, तोंडावर ढाल, अंगावर रबराचे एप्रन चढवून दाखवले. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खाते, म्हणून ते काचेच्या बाटलीत ठेवत नाहीत, प्लॅस्टिकच्या ठेवतात. अंगावर थेंब पडला तर कधी कधी आधी दुखतही नाही. ते कातडीतून आत जाते आणि शरीरातले कॅल्शियम धरते. त्यावर लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम दाराजवळच लटकवलेले. हे पाहून माझ्या पोटात गोळा आला. ताईला हे माहीत आहे का, असे विचारले. तो म्हणाला, "आईला मी सांगितले आहे की मी पावडर धुतो." तेही खोटे नव्हे. आम्लातून काढल्यावर ती पूड पुनःपुन्हा पाण्याने धुवायची, गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालून पाणी वेगळे काढायचे, परत धुवायची. आम्ल पूर्ण जाईपर्यंत. एकेका घाण्याला तीन-चार दिवस.

मग त्याने शीतकपाटातून एक छोटी बाटली काढली. आत काळेभोर पाणी. शाईच. प्रकाशाकडे धरली तर कडेला किंचित हिरवट झाक. "ही मॅक्सीन." आणि टेबलाच्या खणातून दुसरी बाटली काढली. त्यात तांदळाच्या पेजेच्या निवळीसारखे पांढुरके पाणी. "हीसुद्धा मॅक्सीनच होती."

मी दोन्ही बाटल्यांकडे पाहत राहिलो.

गोष्ट अशी. मॅक्सीन पाण्यात असताना हवेशी आणि पाण्याशी हळूहळू झुंजते आणि हरते. टायटॅनियमचा ऑक्साइड होतो, ज्याचा पांढरा रंग आपण भिंतीला लावतो. 2017 साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उघड्या बाटलीतली शाई 5 दिवसांत 42 टक्के, 10 दिवसांत 85 टक्के आणि 15 दिवसांत शंभर टक्के बिघडली. हवाबंद बाटलीत आरगॉन वायू भरून 5 अंशांना ठेवली तर पुष्कळ टिकते. कोरडी पूड त्याहून टिकते. पण भाच्याच्या प्रयोगाला शाईच हवी होती, कारण तिचा फवारा मारून पातळ पडदा करायचा होता. तो पडदा करून मोजायचे यंत्र ग्वाल्हेरात नव्हते. दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेत होते. तिथल्या एका प्राध्यापकांशी यांचे सहकार्य ठरलेले. यांनी शाई करायची, त्यांनी मोजायचे, आणि तिसऱ्या एका गटाने संगणकावर गणित मांडून अणू कसे बसले असतील ते सांगायचे. लेखावर सगळ्यांची नावे.

ऑगस्टमध्ये याने बाटली पाठवली. आरगॉन भरून, बर्फाच्या पिशव्यांत घालून. दुसऱ्या दिवशी ती तिथे पोचली. म्हणजे इमारतीत पोचली. प्रयोगशाळेत नाही. आवक विभागाने पार्सल उघडून पाहिले, आत काळे पाणी दिसले, बाटलीचे बूच काढून वास घेतला असावा, परत लावले. सोबत रसायन घातक नसल्याचे घोषणापत्र नव्हते. ते मागवायचे पत्र तयार झाले, सहीला गेले. सही करणारे रजेवर. पत्र निघाले, यांच्या संस्थेत आले, यांच्या आवक विभागात दोन दिवस राहिले. घोषणापत्र गेले. तिकडे परत सही. एकूण सतरा दिवस. ऑगस्टचा उकाडा. बाटली प्राध्यापकांच्या हातात पडली तेव्हा पांढरी झाली होती. त्यांनी तरीही मोजली. अहवालात एक ओळ आली: नमुन्यात मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड आढळला. यंत्रावरची पाळी गेली. पुढची पाळी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. आणि हाताशी असलेली मॅक्सची पूड आता एकाच घाण्यापुरती.

"मामा," तो म्हणाला, "चूक कुणाचीच नाही. मी सगळ्यांना फोन केले. प्रत्येकाने आपले काम नियमाने केले होते."

हे वाक्य तो मला सांगत होता, दोष द्यायला नव्हे. पण मला ते लागले. 'सगळ्यांनी नियमाने केले' हे मी स्वतः किती वेळा म्हटले आहे!

इथे एक गोष्ट लिहायची आहे, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. आठ-नऊ वर्षांमागे एक तरुण बाई माझ्या टेबलाशी आली होती. शिक्षिका. तिला बाहेरगावी एका प्रशिक्षणाला जायचे होते, त्यासाठी आमच्या खात्याचे ना हरकत पत्र हवे होते. अर्जाला एक साक्षांकित प्रत कमी होती. मी परत पाठवले. ती प्रत घेऊन आली, तेव्हा जुना नमुना बदलला होता. परत पाठवले. तिसऱ्यांदा आली ती शुक्रवारी दुपारी, आणि मी म्हटले, सोमवारी या. सोमवारी ती आली आणि शांतपणे म्हणाली, "आता नको. तारीख गेली." रागावली नाही. आपला अर्ज परत मागितला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि गेली. मी पुढच्या माणसाला "बोला" म्हटले. एकही नियम मी मोडला नव्हता. पण तिच्या बाटलीत काय होते ते मी कधी विचारले नाही.

हे सगळे त्या पांढऱ्या बाटलीकडे पाहताना आठवले. भाच्याला सांगितले नाही. त्या घरात मी आदर्श होतो ना!

संध्याकाळी आम्ही किल्ल्यावर गेलो. चढावर, वाटेतच, एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे छोटे देऊळ आहे. त्यात इसवी सन 876 चा एक शिलालेख आहे. भारतातल्या, तारीख पक्की असलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी एक तिथे कोरलेले आहे. जगभरचे गणिती ते पाहायला येतात. मी वाकून पाहिले. आणि मजा वाटली ती वेगळीच. हा लेख म्हणजे काही गणिताचा ग्रंथ नव्हे, चक्क जमिनीची नोंद आहे! देवाच्या बागेसाठी 270 हात लांब आणि 187 हात रुंद जमीन दिली, आणि रोज 50 हार द्यायचे ठरले. म्हणजे हे जगप्रसिद्ध शून्य कुणा माझ्यासारख्याच कारकुनाच्या नोंदीत राहिले आहे. त्याने आपली नोंद नीट केली, एवढेच. साडेअकराशे वर्षे टिकली.

तिथेच, पायरीवर बसून, मी भाच्याला विचारले, "जानेवारीत परत पाठवणार आहेस ना? या वेळी कागद कुठले लागतील ते विचारलेस?"

तो गप्प. सगळे लक्ष बाटलीवर. आरगॉन किती, बर्फ किती. शाई टिकवण्याचे उपाय त्याला तोंडपाठ होते. 2019 साली टेक्सासमधल्या संशोधकांनी म्हणे सोडियम ॲस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्वाचाच क्षार, घालून मॅक्सीन टिकवले होते. आपण चिरलेल्या फळाला लिंबू लावतो तसे. पण ते घातले तर पापुद्र्यांना चिकटून राहील आणि मोजणीत लुडबूड करील, म्हणून याला नको होते. हे सारे ठाऊक. कागदाचे मात्र काहीच ठाऊक नाही. मनात म्हटले, बाबा रे, इथे तुझा मामा उपयोगी पडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दुसऱ्या संस्थेच्या आवक विभागात फोन लावला. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हटले, साहेब, मीही कारकूनच आहे, गोव्याचा, एक अडचण आहे. पलीकडचा गृहस्थ आधी सावध होता. मग खुलला. म्हणाला, त्या पार्सलची मलाही चुटपुट आहे. वरून लेखी सूचना होती, रसायनाचे पार्सल कागदाशिवाय आत घ्यायचे नाही. मी काय करणार? कुणीतरी आधी विचारले असते तर मी तेव्हाच सांगितले असते. आणि त्याने चार कागद सांगितले: घोषणापत्र, सुरक्षा माहितीपत्रक, घेणाऱ्या प्राध्यापकांचे आगाऊ संमतीपत्र, आणि पार्सलवर 'उघडू नये, थंड ठेवावे' अशी विभागप्रमुखांच्या सहीची चिठ्ठी. "हे सगळे आधी मेल करा. मी आवक क्रमांक आधीच टाकून ठेवतो. बाटली आली की त्याच दिवशी वर पोचवतो." वीस वर्षांच्या नोकरीत मला एवढा आनंद फार कमी वेळा झाला असेल.

आम्ही दोघे दिवसभर बसून कागद केले. विषय, संदर्भ, सोबत जोडलेली पत्रे, प्रत माहितीसाठी. भाच्याचे पहिले पत्र इतके विद्वान होते की कुणीही ते बाजूलाच ठेवले असते. मी ते सहा ओळींत आणले. आणि एक क्रम ठरवला. आधी सगळ्या सह्या हातात. मग कुरियरची वेळ. आणि सर्वांत शेवटी शाई. शाई एकदा झाली की तिचे घड्याळ चालू होते, तर ते घड्याळ सह्यांसाठी का चालू ठेवावे?

भाचा मधेच म्हणाला, "मामा, नांदेडचे उदाहरण ठाऊक आहे?" स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातले राजाराम माने आणि कोरियातल्या पुसान राष्ट्रीय विद्यापीठातले क्वांग हो किम यांनी मिळून मॅक्सीनवर काम केले आहे. 2017 साली मॅक्सीन आणि निकेल ऑक्साइड, 2018 साली मॅक्सीन आणि बिस्मथ ऑक्सिक्लोराइड, दोन्ही विजेच्या साठ्यासाठी. त्या दुसऱ्या लेखात तर जर्मनीतल्या कोलोनचे संजय माथुरही आहेत. नांदेड, पुसान, कोलोन! या विषयात एकट्याने काही होतच नाही, असे तो म्हणाला. करणारा एक, मोजणारा दुसरा, गणित मांडणारा तिसरा. मी मनात चौथा जोडला: टपाल घेणारा.

आता भावोजी. त्या रात्री गजक खाताना मी विषय काढला. थंडीतली तिळगुळाची गजक, तीही थराथरांची. मी म्हटले, "भावोजी, मला तुम्ही याला समजवायला बोलावलेत. मी दोन दिवस पाहिले. मला तुमची काळजी कळते. पण याला आत्ता सोडायला सांगणे मला जमणार नाही. जानेवारीची पाळी होऊ द्या."

भावोजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही सरकारी नोकरीत आहात. तुम्हाला पगाराची किंमत कळते, म्हणून तुम्हाला बोलावले. मी निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. याची फेलोशिप थांबली तर या घरात कोण कमावणार, हे तुम्ही सांगा."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही. संशोधन थोर असते वगैरे म्हणणे सोपे आहे, पण महिन्याची एक तारीख प्रत्येकाच्या घरी येते. भावोजी चुकीचे बोलत नव्हते. शेवटी भाच्यानेच तोंड उघडले. म्हणाला, "बाबा, फॉर्म मी भरतो. परीक्षा देतो. पण मार्चपर्यंत मला प्रयोगशाळेतून काढू नका." इतक्या महिन्यांत तो बापाशी थेट बोललेले हे पहिले वाक्य, असे ताईने मला नंतर सांगितले. भावोजींनी गजकीचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. एवढेच. आमच्या घरांत तहनामे असेच होतात.

मी परत आलो. जानेवारीत त्याचा फोन आला. बाटली कुरियरने दुसऱ्या दिवशी पोचली आणि त्याच दुपारी प्रयोगशाळेत गेली. काळी ती काळीच. आकडा त्याला हवा होता त्याहून कमी निघाला, पण आकडा निघाला, आणि का कमी निघाला याचे कारण गणितवाल्यांना सापडते आहे. तोही एक धडाच प्रबंधात जाईल म्हणतो. लेख लिहिणे चालू आहे. भावोजींनी म्हणे विचारले, "नाव पहिले कुणाचे?" याचे पहिले आहे. ते ऐकून त्यांनी शेजारच्यांना सांगितले, पण त्याला काही म्हणाले नाहीत. फॉर्मही भरला आहे. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही.

निघताना मी त्याच्याकडून एक वस्तू मागून आणली. ती पांढरी बाटली. त्याने आतले काढून, धुऊन, थोडा पांढरा साका वाळवून परत भरून दिला. निरुपद्रवी आहे, म्हणाला. ती मी कचेरीत माझ्या टेबलावर, शिक्क्यांच्या बाजूला ठेवली आहे. आणि एक नवा नियम स्वतःपुरता केला आहे, जो कुठल्या परिपत्रकात नाही. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला आधी विचारायचे, "तुमची तारीख कधीची?" मग कागद बघायचे, आणि काय काय कमी आहे ते एकदाच, सगळे, लिहून द्यायचे. सगळी कामे त्याने होतात असे नव्हे. काही बाटल्या माझ्या हातूनही पांढऱ्या होतातच. पण कमी.

परवा शिपायाने विचारले, "बाटलीत कितें, औषध?"

मी म्हटले, "हय. म्हजें."